शाबी चिताऱ्यानं जमवलेला चेहरा

गावाचं नाव तारवली, एवढं नक्की. चिताऱ्याचं नाव शाबी होतं की साबाजी, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. ऐकलेल्यात मागून सुचलेलं मिसळलं असेल, तर ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

पुष्कळ पिढ्यांमागे, किनाऱ्यावर फोटो कुणी पाहिला नव्हता तेव्हा, आवडी खवळेचा नवरा होडीसकट समुद्रात गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मुलगी पोटात होती. ती मुलगी लग्नाची झाली, आणि एक दिवस आवडीच्या ध्यानात आलं, की त्याचा चेहरा आपल्याला आठवेनासा झालाय. पोरीला बोहल्यावर चढण्याआधी बाप दाखवायचा होता. दाखवणार कुठून?

ती शाबीकडे गेली. तो लाकडी खेळणी रंगवायचा, पण शहरात राहून तेलरंगात हुबेहूब माणूस काढायला शिकला होता.

"नाक कसा होता?"

"माका काय ठाऊक? सासूसमोर मान वर कधी केलंय?"

नणंद म्हणाली, सरळ होतं. नवऱ्याचा मित्र म्हणाला, "नाक कसला, भोपळो तो."

तेव्हा शाबीनं ऐकणं सोडलं आणि बघणं धरलं. कपाळासाठी बुडालेल्याचा धाकटा भाऊ समोर बसवला, कानांसाठी त्याची आत्या, हनुवटीसाठी खुद्द ती पोर. असं म्हणतात, त्यानं दहा माणसं बसवली.

चित्र पुरं झालं. आवडीनं ते कपाळापासून हनुवटीपर्यंत न्याहाळलं.

"सगळा त्याचाच. पण तो न्हय."

"चुकला काय?"

"तो असो बघायचो नाय. उन्हात बघल्यासारखो बघायचो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शाबीनं चित्र किनाऱ्यावर नेलं. सोबत आवडी. सात दुपारी दोघं वाळूत समोरासमोर बसली होती. असं म्हणतात, सातव्या दुपारी एक लाट चित्रापर्यंत आली, आणि ती ओसरली तेव्हा चित्रातले डोळे आपसूक बारीक झाले होते. आवडीनं चटकन पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घातली. मग पोरीला पुढं केलं, "पाया पड बापाशीच्या."

तारवलीत आजही बारशाला बाळाला आधी उन्हात आणतात. कपाळ कुणाचं, हनुवटी कुणाची, हे नातलग मोठ्यानं सांगतात. बुडालेल्यांची नावं पहिली. त्याला म्हणतात 'शाबीक सांगणं', म्हणजे शाबीला सांगणं.

लाटेची गोष्ट मात्र मनाला कधी पटली नाही. पुष्कळ वर्षांनी खवळ्यांनी घर रंगवायला काढलं, तेव्हा चित्र भिंतीवरून उतरवलं आणि त्याची पाठ बघायला मिळाली. कोळशानं लिहिलेली बारीक मोडी होती. दहा नावं, प्रत्येकापुढं चेहऱ्याचा एकेक भाग. त्याखाली अकरावं नाव.

आवडी: डोळे.