निकामी जोडी

फार पूर्वी, परमुलखात वसाहत करून राहिलेला एक गोरा साहेब मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या शेताचा आणि बैलांचा लिलाव झाला. शेत दुसऱ्या साहेबाने घेतले. चांद्या आणि मोऱ्या ही बैलजोडी मात्र फोडून दोन निराळ्या मळ्यांना विकली गेली.

मोऱ्या गहिवरला. चांद्या म्हणाला, "रडतोस काय, वेड्या? परक्याबरोबर जुंपलं की खाली बैस. मीही बसेन."

दोन्ही मळ्यांवर चाबूक झिजले. नांगर हलले नाहीत. पुढच्या लिलावात पुकारा झाला, "निकामी बैल, दोन्ही एकत्र!" त्यांचे जुने शेत घेतलेल्या साहेबाने ते मातीमोलाने घेतले.

ओळखीची पावले लागताच शेताने विचारले, "कसे रे परत आलात?"

मोऱ्याशेजारी जू मानेवर घेत चांद्या म्हणाला, "देवाची कृपा. आम्ही निकामी ठरलो."