राखणीच्या बियांचा बटवा

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो; आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठी तर जास्तच आहे. एका नदीकाठी एक गाव होतं. पूर ओसरला की गावकरी नदीच्या वाळूत कलिंगडं लावत आणि त्यांवरच वर्षभर जगत.

त्या गावाची एक रीत होती. सगळ्यात गोड निघालेल्या कलिंगडांच्या बिया धुऊन, राखेत घोळून एकाच घरातल्या मडक्यात ठेवायच्या. लावणीच्या दिवशी त्या घरची बाई प्रत्येकाला ओंजळभर बिया द्यायची. त्या ओंजळीत काय आहे, हे कोणी कधी निरखून पाहिलं नव्हतं.

त्या घरची सासू वारली आणि मडकं सुनेकडे आलं. सून हाताची मोठी कसबी, पण मनाची हावरी. हाव पैशाची नव्हे, कौतुकाची. ती सुटायला फार कठीण.

एकदा राणीने आसपासच्या बायकांना संध्याकाळच्या हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्यांकडे जरीचे बटवे होते. हिच्याकडे काहीच नव्हतं. मग हिने काय केलं? लोकांनी कलिंगडं खाऊन थुंकलेल्या बिया वेचल्या, भिजवल्या, सुईने टोचून दोऱ्यात ओवल्या आणि त्यांचा बटवा विणला. आतून जुन्या खणाचं अस्तर, तोंडाशी गोंड्याची दोरी. त्या संध्याकाळी जरीकडे कोणी बघेना.

राणीने बटवा उलटसुलट करून पाहिला. "सुंदर! पण बिया लहानमोठ्या आहेत. मला एकसारख्या, काळ्याभोर बियांचा करून दे."

"देते, राणीसाहेब," ती म्हणाली. तशा बिया कुठे आहेत, ते तिला ठाऊक होतं.

तिने मडक्यातून एक ओंजळ काढली. एवढ्याने काय होतंय! टोचलेली बी उगवत नाही, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. तिला कळत नव्हतं असं थोडंच! पण राणीनंतर राणीच्या बहिणीला बटवा हवा झाला, मग प्रधानाच्या बायकोला, मग तिच्या विहिणीला. गावही फुशारलं. "आमच्या गावची आहे हं!" म्हणू लागलं. बाई, इतक्या बिया आणतेस कुठून, असं मात्र कोणी विचारलं नाही. पूर ओसरेपर्यंत मडक्यात नुसती राख उरली.

तेव्हा तिने उकिरड्यावरच्या, पावसात कुजून पोचट झालेल्या बिया गोळा केल्या, राखेत घोळल्या आणि मडकं भरून ठेवलं.

लावणीचा दिवस आला. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी ओंजळीतली एक बी बोटांत चोळली.

"सूनबाई, ही हलकी लागतीया. आपलीच हाय न्हवं?"

अजून वेळ गेली नव्हती. वरच्या गावात बियाणं होतं, एका दिवसाच्या वाटेवर. खरं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण सगळं गाव तिच्याकडे कौतुकाने बघत होतं, आणि तिला ते कौतुक सोडवेना.

"आपलीच की, आजोबा. राखेनं तसं वाटत असंल."

आजोबा ओशाळले. "माझंच चुकलं, माय. तुझ्या घराण्यावर शंका घेतली."

वाळूत आळी झाली, खत पडलं, पाणी घातलं. पंधरवडा गेला, महिना गेला. वाळूतून एक हिरवं पान वर आलं नाही. माणसं वरच्या गावाला धावली, पण तिथलं बियाणं केव्हाच पेरून संपलं होतं.

मग तिने चारचौघांत रडत रडत सगळं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. आजोबा एवढंच म्हणाले, "लावणीच्या दिवशी बोलली असतीस, तर गाव वाचलं असतं गं, पोरी."

पोट भरायला गाव दाही दिशांना पांगलं. आजोबा परत आले नाहीत. जे पुढच्या वर्षी परतले, त्यांनी येताना आपापलं बियाणं आणलं आणि आपापल्या घरात दडवून ठेवलं. तिच्या दाराकडे कोणी फिरकलं नाही. इतकंच नाही, तर सख्खा भाऊही भावाच्या हातची बी वाळूत घालेना.

बोध असा: विश्वासाने राखायला दिलेली वस्तू मिरवायला काढू नये, आणि काढलीच तर खरं वेळेवर सांगावं, कारण उशिरा सांगितलेल्या खऱ्याने कोणाचंच पोट भरत नाही.