भिवरा माळणीची वर्षं

या बरं सगळे जवळ. शरू, पाय घे पांघरुणात. आता बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

डोंगराच्या पायथ्याशी एक नगरी होती, आणि त्या नगरीत होता एक राजा. नीलकेतू त्याचं नाव. वाईट नव्हता हं तो. पण त्याला सगळं कसं लखलखीत लागायचं. अंगणात पान पडलेलं चालायचं नाही, कुंपणाला काटा चालायचा नाही. त्याच्या बागेत एक माळीण होती, भिवरा. तिशीतली, ताठ कण्याची, चालताना जमीन वाजवणारी. नवरा बिचारा केव्हाच गेलेला. एक लेक होती, बकुळा. सहा वर्षांची.

आणि बाग कशी होती म्हणाल, तर कडेनं करवंदाची जाळी, मधे रुईची झुडपं, आणि विहिरीपाशी जुना पांगारा. सगळी त्याच मातीत जन्मलेली. कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं. आपली आपण उभी होती.

एकदा काय झालं, राजा बागेत जेवायला बसला आणि वरून टपकन एक अळी पडली थेट थाळीत. झालं! राजा ताटावरून उठला. नेमका त्याच वेळी सात समुद्रांपलीकडचा एक व्यापारी दारात आला. त्याच्या गाडीत रोपं होती. लाल भडक फुलं, तकतकीत पानं. व्यापारी म्हणाला, "महाराज, बारा महिने फुलतं. काटा नाही, कचरा नाही. आणि याचं पान एकही किडा खात नाही."

राजा खूश झाला. भिवरा तिथंच उभी होती. तिनं पान चुरगळून वास घेतला, फुलात डोकावून पाहिलं. आत मध नव्हता. ती म्हणाली, "महाराज, ज्याचं पान कुणी खात नाही, ज्यात मध नाही, त्या झाडानं इथं राहून करायचं काय?"

राजा म्हणाला, "शोभा! आणि तू माळीण आहेस भिवरा, प्रधान नव्हेस. ही बाग उपटून टाक. नगरीतली अंगणं, आसपासचे डोंगर, सगळीकडे हेच लागलं पाहिजे."

भिवरा नाही म्हणाली का? नाही, बाळांनो. नाही म्हणाली असती तर लेकीला काय घातलं असतं खायला? तिनं कुदळ उचलली.

पहिल्या दिवशी तिनं करवंदाची जाळी तोडली. बुलबुलांची घरटी होती आत. ते दिवसभर डोक्यावरून ओरडत फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी रुई उपटली. तिच्यावर काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, फुलपाखरांची बाळं ती. बकुळेनं त्या परकराच्या ओच्यात गोळा केल्या आणि विचारलं, "आई, यांना काय घालू गं खायला?" भिवरेनं लाल फुलांची पानं दिली. अळ्यांनी तोंड लावलं नाही. दोन दिवसांत सगळ्या वाळून गेल्या. आणि तिसऱ्या दिवशी पांगारा पाडला. त्याच्यावर मधमाश्यांचं पोळं होतं. माश्या उठल्या, काळा ढग होऊन नगरीवर तीन घिरट्या घातल्या आणि गेल्या. कुठं गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

मग नगरी लाल दिसू लागली. सुंदर दिसायची हं, खोटं कशाला बोलू?

पण पहिल्या वर्षी फुलपाखरं दिसेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी भोपळ्याला फुलं आली, दुधीला आली, दोडक्याला आली, आणि आली तशीच गळून गेली. फळ धरेना. कसं धरणार? या फुलातलं पिवळं त्या फुलात नेणारं कुणी उरलंच नव्हतं. राजानं शंभर माणसं लावली, एकेकाच्या हाती मोराचं पीस दिलं. म्हणाला, फुलाफुलाला लावत जा. माणसं पहाटेपासून पिसं घेऊन वेलांतून फिरली. पण एक माशी एका सकाळी जेवढं करते ना, तेवढं दहा माणसांनी आठवड्यात होईना. तिसऱ्या वर्षी तर किडा खाणारी पाखरंच नाहीत म्हणून जोंधळ्यावर टोळ बसले. कणसं नुसती पोकळ.

भूक आली, बरं का. चुली पेटेनात. म्हातारी माणसं आधी गेली, मग पाळण्यातली. बकुळा नऊ वर्षांची झाली होती, पण दिसायची सहाचीच. हात कसे, वाळल्या शेंगेसारखे. खायला मागायचीसुद्धा नाही आता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भिवरा आपल्या हातांकडे बघायची आणि म्हणायची, "यांनीच उपटलं. यांनीच."

शेवटी ती उठली. शेजारच्या गुणाईला म्हणाली, "माझ्या पोरीला पाणी पाजत राहा. मी बी आणायला जाते."

बकुळेनं मान वळवली. "आई, कधी येशील?"

"लगेच येते."

मग ती पहिल्या डोंगरावर गेली. तिथं लाल फुलं. दुसऱ्या डोंगरावर गेली. तिथंही लाल फुलं. मग ती तिसऱ्या डोंगरावर चढली. पाय फुटले, नखं गेली, पण चढली. पार टोकावर, जिथं राजाची माणसं पोहोचली नव्हती, तिथं कातळावर एक बाई बसली होती. अंग दगडासारखं, केस गवतासारखे. ती होती डोंगराई. तिच्या ओटीत मूठभर बी होतं. सगळ्या मुलखात उरलेलं तेवढंच.

डोंगराई म्हणाली, "उशिरा आलीस."

"हो गं माये. बी दे."

"देईन की. पण करवंदाची जाळी दाटायला वर्षं लागतात. पांगाऱ्याला तर त्याहून जास्त. तुझी लेक तोवर टिकेल?"

भिवरेनं खाली नगरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाऊस पडेपर्यंतसुद्धा नाही टिकायची."

"झाडाला वर्षं लागतात, पोरी. ती मला फुंकर घालून आणता येत नाहीत. कुणाची तरी घ्यावी लागतील."

"माझी घे."

"पुष्कळ लागतील. घरी गेलीस तर कुणी ओळखायचं नाही."

"माझी बकुळा ओळखेल," भिवरा म्हणाली.

डोंगराई उठली. तिनं ओटी भिवरेच्या पदरात रिकामी केली.

भिवरा खाली आली आणि राजाच्या बागेत शिरली. कडेला करवंदाचं बी पुरलं. बघता बघता जाळी उठली, काट्यांसकट, पांढऱ्या फुलांसकट. आणि भिवरेचे केस पांढरे झाले. मग रुई पेरली. झुडपं वर आली, आणि तिचे दात हातात आले. मग विहिरीपाशी पांगाऱ्याचं बी टाकलं. खोड जाडजूड झालं, फांद्या फुटल्या, झाड फुलांनी पेटल्यासारखं झालं, आणि भिवरेचा ताठ कणा मोडून कमरेत वाकला. ती तिथंच बुंध्याला टेकून बसली. उरलेलं बी तिनं वाऱ्यावर सोडून दिलं.

दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या सकाळी एक माशी आली. एकच. मग दुसरी आली. मग किती आल्या, त्याला सुमारच राहिला नाही.

अंगणातल्या दुधीला बोटाएवढं फळ धरलं, अंगावर पांढरी लव असलेलं. लोक त्याच्याभोवती उभे राहून रडले. राजाही आला. वाळला होता तोही. त्यानं म्हातारीला विचारलं, "बाई, कोण तुम्ही?"

"तुमची माळीण, महाराज."

राजानं तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तो खाली वाकला आणि स्वतःच्या हातांनी लाल रोपं उपटू लागला.

पहिला दुधी मोठा होऊन घराघरांत वाटला गेला, तेव्हा कुठं भिवरेत चालायचं बळ आलं. ती काठी टेकत घरी गेली. बकुळा दारात बसली होती, हातात वाटी, वाटीत दुधीचं पाणी. तिनं मान वर केली आणि विचारलं, "आजी, तुम्ही डोंगराकडून आलात? माझी आई दिसली का वाटेत?"

"बकुळे, अगं मीच ती."

पोर घाबरली. वाटी पडली हातातून. धावत गेली आणि गुणाईच्या पदराआड लपली. "ही माझी आई नाही! माझी आई अशी नाही!"

भिवरेनं खाली सांडलेलं पुसलं. मग म्हणाली, "नाही गं बाळ, मी चुकून बोलले. तुझ्या आईनं मला पाठवलंय. तुझं करायला."

मग ती तिथंच राहिली. बकुळेला न्हाऊ घालायची, भरवायची, वेणी घालायची. बकुळा तिला आजी म्हणायची. चांगली गट्टी जमली दोघींची. पण रोज दिवेलागणीला पोर डोंगराच्या वाटेवर जाऊन उभी राहायची, आणि म्हातारी दारातून हाक मारायची, "चल गं, जेवून घे." पोर यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

श्रावणात बकुळेला ताप भरला. म्हातारी तीन दिवस उशाशी बसली. तिसऱ्या दुपारी ताप उतरला, घाम आला. बकुळेनं डोळे उघडले. चेहरा कसा फुललेला!

"आजी, आई आली होती! इथं बसली होती, माझ्या कपाळावर हात ठेवून. तू पाहिलीस तिला?"

"पाहिली बाळा," म्हातारी म्हणाली. "बराच वेळ बसली होती."

पुढे? पुढे काय. नगरीत धान्य पिकलं, वेल लगडले, लेकरं गुटगुटीत झाली, सगळे सुखानं राहिले. हो, भिवरासुद्धा. तिच्यापाशी जेवढे दिवस उरले होते, तेवढे.

नाही गं शरू, बकुळेला नाही कळलं. कधीच नाही.

रडू नये. झोप आता. डोळे मिट.