दौलूनानांचा अंगठा

“मळ न काढता मूठ सील करायची, हे कुठल्या गावात शिकवत्यात, ते तरी सांगा की मला.”

दिगंबर तापला होता. तापायला आपल्याकडे कारण आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मासे धरायची गळाची काठी मांडीवर आडवी घेऊन वस्ताद तिची मूठ चाचपत होते. बुचाच्या चकत्या एकावर एक चिकटवून केलेली मूठ. कालपर्यंत काळी कुळकुळीत होती. आज लोण्यासारखी पिवळट, नितळ, एवढंसं भोक दिसेल तर शपथ.

“आधी घासायचं, मग बुचाची भुकटी सरसात कालवून भोकं भरायची, मग लाखेचा हात द्यायचा. तुम्हीच शिकवलंय. मी काय इपरीत केलं?”

“शालन काय म्हणाली हुती?”

“सील करून द्या म्हणाली.”

“आणि?”

दिगंबर पुढ्यातला पॉलिश पेपर गुंडाळू लागला.

“आणि काय म्हणाली, दिगंबर?”

“हाय तशी सील करून द्या, म्हणाली.”

कराडला, संगमाच्या वरच्या अंगाला वस्तादांचं पत्र्याचं शेड आहे. वेळूच्या काठ्या तिथं घडतात. शालनच्या वडलांची, दौलूनानांची काठीही तिथलीच, वस्तादांनी केलेली. नाना या उन्हाळ्यात गेले. उभा जन्म त्यांनी ती काठी एकाच जागी धरली, आणि त्या जागी बुचात अंगठ्याचा खळगा पडला होता. घामानं काळा झालेला.

आता शालन ती काठी घेऊन नदीवर बसणार होती. तिला धास्ती एकच होती. आपला हात फिरून फिरून नानांचा अंगठा झिजेल, एक दिवस पुसला जाईल. म्हणून तिला वरून लाख हवी होती.

दिगंबरनं पॉलिश पेपर घेतला आणि तो अंगठाच घासून काढला. घासून जो खळगा उरला, त्यात भुकटी भरली.

अडाण्यानं हे केलं असतं तर सोडून दिलं असतं. पण मुठी करण्यात दिगंबरचा हात धरणारा त्या भागात कुणी नाही. त्याच्या मुठीवरून नख फिरवा, दोन चकत्यांमधला सांधा लागणार नाही. ज्याला हात असतो, त्याला तो दाखवायचा सोसही असतो. हा सोस फार वाईट. समोरचा माणूस काय मागतोय, तेच मग ऐकू येईनासं होतं.

“ऐकलं हुतंस, तरी घासलंस?”

“मला वाटलं, बाईमाणूस, तिला काय कळतंय यातलं. मळकी मूठ कुणी मागून घेतं का? उद्या चार लोकं बघणार आन् म्हणणार, दिगंबरच्या हातची का ही?”

“तुझ्या हातची न्हवतीच ती.”

“ठाऊक हाय. तुमच्या हातची.”

“माझ्या बी न्हवती.”

वस्तादांनी काठी त्याच्या पुढ्यात ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच.

“दुपारी यायची हाय ती. तिला सांग.”

“काय सांगू?”

“केलंस ते.”

“आणि रडवू तिला? त्यापरीस परत करून देतो की. खळगा कोरतो, चहाचं पाणी मारतो, तेल चोळतो, चुलीची काजळी हाय. नानांनी स्वतः येऊन बघितलं तरी वळखायचं न्हाईत.”

वस्ताद उठले आणि दारात जाऊन पाठ करून बसले.

दिगंबर रागारागानं कामाला लागला. आपल्याला या शेडात किंमत नाही, एवढी वर्षं फुकट गेली, असं काहीबाही पुटपुटत त्यानं स्वतःच भरलेली भुकटी स्वतःच उकरून काढली. खाली उरली होती ती बिनकडांची उथळ खूण; गोल कानशीनं तिथं नवा खळगा पाडला. काजळी कमी-जास्त करत काळेपणा जुळवला. शेवटी लाखेचा पातळ हात दिला आणि काठी उन्हात धरली. काम अप्रतिम झालं होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

शालन आली. पायातल्या चपला बाहेर काढल्या, काठी उचलली आणि मूठ धरली.

अंगठा खळग्यात गेला.

“...नाना.”

ती तशीच खाली बसली. खळग्यात तिनं अंगठा फिरवून पाहिला.

“जरा गुळगुळीत लागतंय,” ती म्हणाली, “लाखंचं असंल. पण हाय. हुता तिथंच हाय.”

मग तिनं दिगंबरकडं बघितलं.

“दादा, लई भ्या वाटत हुतं मला. कुणीतरी घासून काढंल म्हणून.”

दिगंबरनं तोंड उघडलं. त्यानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद त्याच्याकडंच बघत होते, बसल्या जागेवरून, पापणी न हलवता.

“...जपून केलं,” दिगंबर म्हणाला.

शालननं वाकून त्याच्या पायाला हात लावला. दिगंबरनं पाय मागं घेतले नाहीत. बघणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी, असं ते दृश्य होतं. वस्तादांनी मान फिरवली.

ती गेली. काठाकाठाची पायवाट धरून चालू लागली.

“बघितलंसा?” दिगंबरला आता जोर आला. “हसत गेली. खरं सांगून काय मिळालं असतं तिला? उगा जिवाला घोर.”

वस्ताद पायवाटेकडं बघत राहिले.

“आन् तुम्हाला येवढं लागलं हुतं, तर तुम्ही का न्हाई बोलला? तुम्ही बी बसलाच की गप.”

“घासलं कुणी?”

“...मी.”

“मग मी बोललो असतो तर तू सुटला असतास. आणि मला तुला सोडायचं न्हवतं.”

दिगंबरनं कानस उचलली, पुसली, परत खाली ठेवली.

“दिगंबर. खळगा कुणाच्या मापानं कोरलास?”

“कुणाच्या म्हंजे? नानांचं माप कुठनं आणू मी? मूठ धरली, अंगठा जिथं पडला तिथं...”

तो थांबला. आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. अंगठ्यावर अजून काजळी होती.

“माझ्याच,” तो म्हणाला.

पायवाटेवर शालन लांब गेली होती. काठी खांद्याला लावलेली, मूठ हातात घट्ट.

वस्ताद म्हणाले, “बाप म्हणून तुझा अंगठा धरून चाललीय ती. पळत जाऊन सोडवून घे... न्हाईतर जन्मभर धरू दे.”