बकुळाची इच्छा बकुळानंच सांगायची

टेकडीपलीकडच्या चिमुकल्या गावात, गळक्या छपराच्या घरात बकुळा आणि तिची आई राहायच्या. बकुळाचे शब्द हळूहळू यायचे. "काय खाणार गं?" असं कुणी विचारलं, की आईच पटकन सांगायची, "तिला पोहे आवडतात." मायेनंच हो, पण सांगायची. आता बकुळा अठरा वर्षांची झाली, शाळा संपली आणि आईची झोप उडाली. आपल्यामागं हिचं कसं होणार?

एका सकाळी बकुळा परसातल्या रोपांना पाणी घालत होती. तांबड्या गुलाबाच्या काट्यांत काहीतरी लुकलुकलं. इवलीशी परी! तिचा चंदेरी पंख अडकला होता. बकुळानं तो अलगद, अगदी सावकाश सोडवला. पंखावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

"गुणाची गं तू!" परी म्हणाली. "माग एक इच्छा. पण नियम आहे हं. जिचं आयुष्य, तिनंच मागायचं. मध्ये दुसरं कुणी बोललं, की माझ्या छडीचा उजेड कमी होतो."

तेवढ्यात आई धावत आली. "परीराणी, हिला भराभर बोलती करा!"

सोनेरी छडी निम्मी विझली.

"मला..." बकुळा म्हणाली.

"पक्कं घर हवंय तिला!" आईच्या तोंडून निघून गेलंच. छडीच्या टोकाशी एकच ठिणगी उरली. आईनं पदराचा बोळा तोंडाशी गच्च धरला.

मग सगळेच थांबले. पानाखालून एक गोगलगाय निघाली आणि वाफा ओलांडून पलीकडे गेली.

"मला... रोपं... विकायचीत. बाजारात. मीच. आई... तू शेजारी बस. बोलू... नकोस."

आईला हसू आलं आणि रडूही. इतक्या वर्षांत आपण हिला कधी विचारलंच नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

ठिणगी उडाली आणि परसभर जांभळी, केशरी, गुलाबी फुलं डोलू लागली. "जोवर हिचं ऐकायला माणसं थांबतील, तोवर ही बाग कोमेजणार नाही," परी म्हणाली आणि मोगऱ्याच्या कुंडीत लपून बसली.

बाजारात बकुळानं रोपं मांडली, मोगऱ्याची ती कुंडीही. एक आजोबा आले. "बाई, मोगऱ्याला पाणी किती घालायचं?" त्यांनी आईला विचारलं.

आईला ठाऊक होतं. अगदी ओठांवर आलं होतं! "तिला विचारा," ती म्हणाली. "जरा थांबावं लागेल."

आजोबांनी पिशवी खाली ठेवली. "रोज... थोडं," बकुळा सांगू लागली. "माती... ओली..."

"अहो, लवकर आटपा की!" मागून एक बाई आईवर करवादली.

"थांबा हो," आजोबा म्हणाले. "ती सांगतेय ना."

"...ओली असली... तर नाही," बकुळानं वाक्य पुरं केलं.

मोगऱ्यातून शुभ्र उजेड उसळला आणि परी त्यात विरघळून गेली. मागच्या बाईनंही पिशवी खाली ठेवली. त्या रात्री आईला शांत झोप लागली.