येसाईची रास

निवळखोऱ्याच्या शिवेवरची ही दगडांची रास. खाली काळे दगड, वर पांढऱ्या गारगोट्या. पाहुण्यांनीसुद्धा यातलं काही उचलायचं नाही. इथला एकेक दगड म्हणजे कुणाचं तरी फसलेलं उत्तर आहे, असं सांगतात.

फार पूर्वी देवीचा चांदीचा मुखवटा राऊळातून नाहीसा झाला. गंगोजी कारभारी बोलण्यात मोठा पटाईत. त्याने भर गावकीत राणू गुरवाला उभं केलं. "कुलूप शाबूत, किल्ली तुझ्या कमरेला. मग चोर कोण? आत्ताच्या आत्ता सांग." राणू भोळा. त्याने उत्तर शोधायला आठ दिवस मागितले, तेही कुणी दिले नाहीत. तोंडाला काळं फासून त्याला लेकीसकट शिवेबाहेर काढलं. महिन्याभरात याच माळावर त्याने प्राण सोडला.

लेक येसाई. विळा तिच्या हाताशी होता, पण बापाला बोलून मारलं, तर मीही बोलूनच सूड घेईन, असा पण तिने केला म्हणे. रोज ती कारभाऱ्याच्या बाजूने उभी राही आणि स्वतःचंच म्हणणं तोडी. बाप इमानी होता? इमानी म्हणूनच तर किल्ली दिली होती. दुसरी किल्ली असेल? मग दाखव. उत्तर फसलं की ओढ्यातला एक काळा दगड आणून ठेवायचा. स्वतःला तिने कधी सवलत दिली नाही. नऊ वर्षांत रास कमरेला लागली.

दर जत्रेला पालखी शिवेपर्यंत येई. चोरीनंतर घडवलेला देवीचा नवा मुखवटाही इथेच लाल फडक्यात बांधायचा मान पूर्वीसारखाच कारभाऱ्याचा. ते गाठोडं न सोडता गुरव राऊळात ठेवी आणि कुलूप लावी. नवव्या वर्षी गाठ मारणारे ते हात पाहताना येसाई ताडकन उठली.

पालखीसमोर तिने आधी कारभाऱ्याचीच बाजू मांडली. इतकी चोख, की तो स्वतः मान डोलवू लागला. मग तिने विचारलं, "माझ्या बानं कुलूप लावलं ते गाठोड्याला. आत मुखवटा हुता, हे कुनी बघितलं? आन् गाठ कुनी मारली?"

कारभारी गाठोडं सोडून मागे सरकला. लोक धोंडे घेऊन धावले, तशी येसाईच आडवी आली.

"मारू नगा. माझ्या बाला दिला न्हाई तो येळ ह्याला द्या. दर जत्रंला हितं येऊन उत्तर द्यायचं. फसलं की धोंडा ठिवायचा, पांढरा. माझ्या दगडांत ह्याचा मिसळायचा न्हाई. खरं बोलंल त्या दिशी सुटला."

एका वाक्यात सुटला असता. पण बावीस वर्षं तो दर खेपेला नवी दहा-दहा उत्तरं घेऊन आला. सारा गाव बघायला जमे. येसाई समोर बसून सगळं ऐके, खोडून काढी आणि म्हणे, "फुडचं." शेवटी त्याला गारगोटीही उचलवेना. तरी तिला दया आली नाही, आणि खरं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

आजही गावकीत कुणाला उभं करायचं, तर आधी आठ दिवस देतात. तो माणूस रोज इथे येतो, विरुद्ध बाजू स्वतः मांडतो आणि फसलेल्या उत्तराचा दगड या राशीला न लावता बाजूला ठेवतो. घरचं कुणीतरी समोर बसतं. त्याने धीर द्यायचा नसतो, कीव करायची नसते. फक्त म्हणायचं, "फुडचं."