घंटुलीची आवडीबाय

फार वर्षांपूर्वी, आंबोणे बेटावरच्या होड्या केवळ शिडांवर चालत, त्या काळातली ही हकीकत आहे.

बेटाच्या मधोमध ढगोबाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या ओल्या रानात घंटुली नावाचे झुडूप वाढते. ते जगात अन्यत्र कोठेही नाही, असे म्हणतात. ते कमरेइतके उंच असते, त्याची पाने लोकरीसारखी मऊ असतात आणि श्रावणात त्याला घंटेच्या आकाराची निळसर फुले येतात.

नारळी पौर्णिमेला वेळाई देवीचा कौल घेतल्याशिवाय बेटावरची एकही होडी समुद्रात जात नसे. देवीच्या पाषाणावर घंटुलीचे ओले फूल चिकटवायचे. ते उजवीकडे पडले तर होकार, डावीकडे पडले तर नकार. खरे तर एक फूल पुरे होते. परंतु देवीला उणे देऊ नये, म्हणून प्रत्येक होडीचा मालक फुलांनी भरलेले अख्खे झुडूप बुंध्याशी कापून आणी. घंटुलीचे फळ कसे दिसते, हे कोणालाच ठाऊक नव्हते; कारण तिचे फूल फळापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

एका वर्षी डोंगरावर एकच झुडूप उरले.

बेटावर आवडीबाय नावाची सुईण होती. बाळंतिणीला ताप भरला, की ती घंटुलीच्या चार पानांचा काढा देई आणि ताप उतरे. पौर्णिमेच्या सकाळी ती डोंगर चढली आणि त्या झुडपापाशी जाऊन बसली. मागोमाग राघो गुरव कोयता घेऊन आला. त्याच्यामागे सारा गाव होता.

"ऊठ गो, आवडीबाय! झाड देवीपेक्षा मोठं झालं काय?" राघो ओरडला.

"ओरड, ओरड. तुझी नाळ मी कापली तेव्हाही तू असाच ओरडत होतास," ती म्हणाली. लोक हसले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "राघो, तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. तिला ताप भरला, तर मी कशाचा काढा देऊ? कोयत्याचा?"

राघोचा हात खाली आला. परंतु कौलाविना होड्या कशा सोडायच्या? पोरे काय खाणार?

"इतकी वर्षं फूल देवीकडे गेलं," आवडीबाय म्हणाली, "एकदा देवीला फुलाकडे आणा."

असे कोणी कधी केले नव्हते. तरीही देवीचा चांदीचा मुखवटा पालखीत ठेवून भोयांनी ती उचलली. त्या चढणीवर पालखी पिसासारखी हलकी झाली, असे म्हणतात. त्यांनी मुखवटा घंटुलीखाली ठेवला आणि सगळे वाट पाहत उभे राहिले. वारा पडला होता. पाखरू बोलत नव्हते. दिवस कलता कलता एक फूल आपसूक गळले आणि देवीच्या उजव्या गालावर टेकले.

होड्या सुटल्या. आवडीबाय मात्र उठली नाही. "फळ पिकेपर्यंत मी इथंच," ती म्हणाली. ती केवळ एकदा खाली उतरली. राघोच्या बायकोला खरोखरच ताप भरला, तेव्हा ती चार पाने घेऊन आली आणि ताप उतरताच परत वर गेली.

कार्तिकात लोक वर गेले, तेव्हा ती तेथे नव्हती. तिच्या घोंगडीवर तिळाएवढ्या काळ्या बिया पसरल्या होत्या आणि ती जेथे बसत असे, तेथे घंटुलीचे सात कोंब उगवले होते. त्यांच्या कोवळ्या पानांवर तिच्या घोंगडीसारखीच लव होती, असे म्हणतात.

आजही नारळी पौर्णिमेला वेळाईची पालखी ढगोबाच्या डोंगरावर चढते. चढणीच्या पायथ्याशी सारे कोयते खाली ठेवले जातात. मुखवटा झुडपाखाली ठेवतात आणि सगळे वाट पाहतात. कधी घटकाभरात फूल गळते, कधी दोन दिवस लागतात. बंदरात होड्या ताटकळतात, तरुण मंडळी चुळबुळतात. एखाद्याने फांदीकडे हात नेलाच, तर म्हातारी माणसे एवढेच म्हणतात, "हळू रे. आवडीबाय बसली आहे."